कुरण निंदणारी खुरपी

मी एक जुनी खुरपी आहे. खुंटीवर टांगलेली असले तरी मला चैन पडत नाही. मित्रांनो, माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि ती अजून निस्तरलेली नाही.

माझा जन्म ब्रह्मपुरीचा. तिथल्या लोहार वहाबभाईंनी ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यातून मला घडवलं आणि जंगलाकडच्या गावातली मंगली मला बाजारातून घेऊन गेली. तिच्या हातात मी दहा पावसाळे धान निंदलं. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, जे धान नाही तो कचरा, एवढंच मला ठाऊक. बाया म्हणायच्या, मंगलीच्या खुरपीमागे तण उरत नाही. मी फुगून जायचे.

मग गावाने आपलं कुरण राखायला घेतलं. गुरांना मारवेल गवत आवडतं, म्हणून नुसतं मारवेलच ठेवायचं ठरलं. बाया बांधीत बसतात तशा कुरणात रांगेने बसल्या. रानतूर, रानमूग, शेडा गवत, सगळं आम्ही मुळासकट काढलं. पहिल्या वर्षी वाहवा झाली. तिसऱ्या वर्षी मारवेल पिवळं, विरळ झालं. मंगलीच्या बैलांच्या फासळ्या दिसू लागल्या आणि तिचा नवरा जंगू बैल विकायचं म्हणू लागला.

कुंपणालगतचा एक पट्टा मात्र हिरवागार होता. शेजारच्या सुकरीबाईचे गुडघे दुखत होते, म्हणून तिच्या वाट्याचं तिथलं निंदण राहून गेलं होतं. मंगलीने मला तिथे रोवलं. माती भुसभुशीत निघाली. कुणाची मुळं खोल, कुणाची वरवर, आणि रानतुरीच्या मुळांना बारीक गाठी.

सुकरीबाई म्हणाली, "आपल्या तुरीलेबी अशाच गाठी रायतेत. ह्याच मातीले खाऊ घालतेत."

मंगलीने ती मुळं हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, "कुरणाले धानाची बांधी समजून बसलो आपण."

जंगूने बैल आणखी एक पावसाळा ठेवायचं कबूल केलं आहे. जे उपटलं त्याचंच बी मंगली आता माझ्या टोकाने पेरते. तेवढ्या एका पावसाळ्यात माती सुधारेल का, या काळजीने मी रोज तळमळते.

काल रानतुरीचा पहिला कोंब दिसला. मंगलीचा हात सवयीने तिकडे वळला, मीही वळले. पातं अगदी टेकणार तोच ती थांबली.

मित्रांनो, मला आपणहून थांबता येत नाही. मला हातात घ्याल तेव्हा तुम्ही थांबा.