मान कुणाची धरायची?

"फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण पचलं पाहिजे ना!" काका म्हणाले आणि पुतणीच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

काकांच्या फेरीबोटींची सुट्टीतली तिकिटं सकाळी वेबसाइटवर खुली झाली होती आणि वेबसाइट धापा टाकत होती. एखाद्यालाच तिकीट मिळत होतं, बाकीचे गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसले होते. वेबसाइट चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर फुकटचं, आणि ते आणायचा हट्ट पुतणीचा. "बिघडलं तर मान कुणाची धरायची?" असं काकांनी तेव्हाच विचारलं होतं. "माझी," असं ती ऐटीत म्हणाली होती. आता दुपारपर्यंत गाडं रुळावर आलं नाही, तर काका सोफ्यावर बसलेल्या, विकतचं सॉफ्टवेअर खपवायला आलेल्या विक्रेत्याच्या करारावर सही करणार होते आणि तिची रवानगी पुन्हा धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत होणार होती. काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

विक्रेता मोठा गोडबोल्या होता. त्याचा इंजिनिअर शेजारी मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता.

पुतणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एका वेळी किती गिऱ्हाइकं आत घ्यायची, तो आकडा तिने कालच वाढवला होता, तरी सर्व्हर जुन्याच आकड्यावर अडून बसलेला. शेवटी तिने मेलिंग लिस्टवर हाक मारली. हे सॉफ्टवेअर वापरणारे जगभरचे लोक तिथे एकमेकांच्या अडचणी सोडवायचे. उत्तर 'पाणघोडा' या नावाने आलं. या पाणघोड्याने वर्षभर तिला हात दिला होता, पण त्याचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं.

"आकड्याच्या वर आणखी एक कमाल मर्यादा असते, ती वाढवायला तू विसरलीस. ती वाढव. पण सर्व्हर चालू ठेवून नुसतं रीलोड केल्याने भागणार नाही. सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू कर."

तिने मर्यादा वाढवली. बंद करायची कमांड टाइप केली आणि बोट अडलं.

"बंद?" काका कडाडले. "अगं, एखाददुसरं तिकीट जातंय, तेही घालवतेस? आणि परत उठलंच नाही तर?"

"काका, पाणघोडा म्हणतोय की..."

"वा! घरची माणसं सोडून आता जनावरांचा सल्ला!"

विक्रेता खुदकन हसला. त्याने पेनाचं टोपण काढून पेन आणि करार काकांच्या हातात दिला. पुतणीला काकांचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण काका चुकीचं बोलत नव्हते. तिने घाईघाईने लिहिलं, "नक्की उठेल ना?" आणि पाठवून दिलं.

सोफ्यावर एक मोबाइल वाजला.

"उठेल," सोफ्यावरूनच आवाज आला. "बंद कर, ताई."

इंजिनिअर उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक पडला होता. विक्रेत्याने त्याची बाही ओढली. "खाली बस. नोकरी नकोशी झालीय का?"

तो बसला नाही. पुतणीने डोळे मिटले आणि बटण दाबलं.

वेबसाइट मेली. काकांच्या हातातलं पेन कागदाला टेकलं. तिने सर्व्हर पुन्हा सुरू केला. काही क्षण स्क्रीनवर काहीच हललं नाही. मग एक तिकीट गेलं, मग चार, मग मोजता येईनात.

काकांनी पेनाला टोपण लावून ते विक्रेत्याच्या खिशात खोचलं आणि ते इंजिनिअरकडे वळले. "आणि उठलं नसतं तर?"

"तर मान माझी धरायची होती, मालक."

"ती मीच धरतो," विक्रेता उठत म्हणाला. "उद्यापासून येऊ नकोस." दार आपटून तो निघून गेला.

काकांनी स्वतःची खुर्ची ओढून तिच्या खुर्चीशेजारी ठेवली.

"बस रे, पाणघोड्या," ते म्हणाले.