काचेवरचे पाय

ताईने कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि काचेला चिकटलेल्या तारामाशाखाली बोट सारलं. तो हलायला तयार नव्हता. बाहेर शाळेची मुलं गलका करत होती, आणि आज त्यांच्यापुढे बोलणार होती तिची धाकटी बहीण.

धाकटीला मत्स्यालयात लावून घेतलं ते ताईनेच. पाणी किती खारट हवं, कोणाला काय खायला घालायचं, सगळं तिनेच शिकवलं. आणि माहिती सांगायचं काम साहेबांनी दिलं धाकटीला! "तुम्हाला माहिती खूप आहे हो, पण तुम्ही बोलायला लागलात की मुलं जांभया देतात," ते हसत म्हणाले होते. ताईही हसली होती. तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखत होतं, ते काही थांबलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

"ताई, आणतेस ना गं त्याला? मुलं खोळंबलीत!"

मेलीचा आवाजसुद्धा गोड. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चिकटलेल्या तारामाशाला गोंजारायचं असतं आणि वाट पाहायची असते. ताईने त्याला ओढला. काहीतरी तुटल्याचं बोटांना कळलं. काचेवर दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक पांढुरके पाय तसेच राहिले. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि त्याला पाण्याच्या भांड्यात घालून टाकीसमोरच्या उथळ हौदात नेऊन सोडला.

मुलं हौदाभोवती जमली. धाकटी लगेच रंगात आली.

"याच्या अंगात आपल्यासारखं रक्त नाही बरं का! पाठीवर एक चिमुकली चाळणी आहे, तिच्यातून हा समुद्राचं पाणीच आत घेतो. प्रत्येक पायाच्या वर एक इवलासा फुगा. फुगा आवळला की पाणी पायात उतरतं आणि पाय लांब होतो. मग टोक चिकटवायचं, पाय आखडायचा, की निघाली स्वारी पुढे. असे शेकडो पाय!"

शब्द न् शब्द ताईचा होता. घरी ओट्यापाशी उभं राहून, औषधाच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून तिनेच हे समजावलं होतं. मुलं मात्र डोळे विस्फारून बघत होती ती धाकटीकडे.

"चिकटून बसला तर कसा काढायचा?" एका मुलीने विचारलं.

"ओढायचं नाही. तो सोडेपर्यंत थांबायचं. माझ्या ताईने पहिल्याच दिवशी बजावलंय मला." धाकटीने हसत ताईकडे बोट दाखवलं. "खरी माहिती तिला. मी आपली तिचा पोपट."

"आणि ओढला तर?"

उत्तर देता देता धाकटीची नजर टाकीवर गेली आणि तिथेच थबकली. मग तिने ताईकडे पाहिलं. ताईने मान खाली घातली.

"तर पाय काचेवरच राहतात," धाकटी म्हणाली. "पण पुन्हा फुटतात हं. वेळ लागतो जरा."

बोलता बोलता ती मागे सरकली आणि मुलांना काच दिसू नये अशी टाकीला पाठ लावून उभी राहिली.

ताई ओला हात अ‍ॅप्रनला पुसत राहिली. आता मेलीचा धड रागही करता येईना.