मुद्दाम घासलेली गिटार

मी वाळूजच्या कारखान्यात मोटारसायकलच्या टाक्या तपासतो. सव्वीस वर्षं झाली. केसाएवढा ओरखडा दिसला की लाल चिठ्ठी, माल बाजूला. मॅनेजर हातापाया पडू दे, नाय म्हणजे नाय.

आता मला सांगा, अशा माणसाच्या घरी पोरगी मागायला येताना कुणी रंग उडालेली गिटार घेऊन येतं का?

"जय भीम मामा," म्हणत सम्यक मुकुंदवाडीच्या आमच्या घरात शिरला. पोरगा बिडकीनला नव्या रस्त्यांची मोजणी करतो. पगार बरा, आमच्या करुणानं स्वतः पसंत केलेला. माझा होकार तेवढा राहिला होता. त्यानं गिटार दिवाणावर ठेवली अन् आमची मंडळी, चंपाबाई, हळहळली.

"अगं बाई! गाडीवरून पडलास का रे लेकरा?"

"नाही मामी, नवीच घेतलेली. जुनी दिसावी म्हणून कंपनीच घासून देते. त्याचे जादा पैसे घेतात."

माझं डोकंच सणकलं. "ओरखड्याचे जादा पैसे? अरे, आम्ही ओरखड्यापायी साहेबाच्या शिव्या खातो, अन् तू तो इकत घेतो? हितं लोकं टँकरमागं पळायलेत, अन् तुला हे थेरं सुचायलेत! माझी पोरगी कशी सांभाळशील?"

चंपाबाई पदर ओला करून डाग पुसायला लागली. निघंना. सम्यक खाली मान घालून ऐकत होता, एक शब्द उलटा बोलला नाय. दारात करुणाचं तोंड एवढंसं झालेलं.

नाय म्हणायच्या आधी तपासायचं, ही आपली सवय. चष्मा लावला, मोबाईलची बॅटरी मारली. अंगावरचे ओरखडे खोटे, पॉलिशपेपरनं घासलेले, सगळे एकाच दिशेनं. पण वर, जिथं बोटांनी तारा दाबतात, तिथल्या बारीक सळ्यांना खाचा पडलेल्या. लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या. हे कंपनीचं काम नाय. हे कुणीतरी रोज तासन् तास वाजवून झालेलं.

"डावा हात दाव," म्हणलं. सम्यकच्या बोटांची टोकं लोण्यावानी मऊ.

"ही तू वाजवीत नाय."

त्यानं हळूच दाराकडं बघितलं. दारातून हुंदका आला.

"पप्पा, माझी आहे. दोन वर्षं झाली, माझ्या पगारातून घेतली. मैत्रिणीकडं ठेवते, ऑफिस सुटलं की वाजवते. लग्नाआधी तुम्हाला दाखवायची होती, पण ओरखडे बघून फेकून द्याल म्हणून ह्याला म्हणलं, तुझी म्हणून घेऊन ये."

तिची बोटं हातात घेतली. टोकांना घट्टे, खडखडीत. रोज तिच्या हातचा चहा घेतो मी. टाकीवरचा केसाएवढा ओरखडा दिसतो, अन् हे दिसलं नाय. लई लाज वाटली, खरं सांगतो.

"पोरगा पास," मी म्हणलं. "एवढं ऐकून घेतलं, पण तुझं नाव घेतलं नाय."

चंपाबाईनं डोळे पुसले. "मग लग्नाआधी गिटारीला झकास रंग मारून आणा."

"रंगाला हात लावायचा नाय!" मी खेकसलो. "अन् लग्नापर्यंत गिटार हितंच राहील. दोन वर्षं पोरीनं काय वाजवलं, मला कुठं ऐकू आलंय अजून?"