सरीतला शेवटचा ऊस

“कॉलेजला ईमेल लिहिला आहे, आत्या. पाठवला नाही अजून,” वरदा म्हणाली आणि खणायचा फोर्क मातीत खुपसून उभी राहिली. “पाठवला की माझा सीट दुसऱ्या कुणाला देतील.”

“माझी सीट,” सुप्रभाने खाली वाकलेल्या अवस्थेतच दुरुस्ती केली. “खण. बटाटे आज निघाले पाहिजेत. उद्या पाऊस आहे.”

वेल्समधल्या कार्डिफच्या कौन्सिलकडून भाजी लावायला भाड्याने घेतलेला हा जमिनीचा तुकडा सुप्रभा धोंडू अकरा वर्षे राखत होती. धोंडू हे तिच्या खापरपणजोबांचे नाव. कोकणातून मॉरिशसच्या ऊसमळ्यावर करारावर नेलेल्या त्या माणसाचे नाव कारकुनाने आडनावाच्या रकान्यात लिहिले आणि पुढच्या चार पिढ्या धोंडू झाल्या. सुप्रभा त्या मळ्यावरून नर्सिंग शिकण्यासाठी इकडे आली तेव्हा वीस वर्षांची होती. आता सहासष्ट. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली.

वरदा तिच्या थोरल्या भावाची, शशिधरची, एकुलती एक मुलगी; आई लहानपणीच गेलेली. पाच वर्षे आत्याकडे राहून, केअर होममध्ये काम करून, तिने मिडवाइफच्या शिक्षणाला प्रवेश मिळवला होता. वर्ग सप्टेंबरात सुरू व्हायचे होते. तीन आठवड्यांपूर्वी तिकडे मॉरिशसमध्ये पक्षाघाताने शशिधरची उजवी बाजू गेली.

“कोणाकोणाचे फोन आले?” सुप्रभाने विचारले.

“सगळ्यांचे. पपांना बाथरूमला कोण नेणार, विचारतात. कधी येतेस, विचारतात. येणार का, असं कोणी नाही विचारत.” वरदाने डोळे कोपराने पुसले. मळ्यावरच्या घरात क्रिओल ही तिथली बोली बोलत. मराठी ती तिथल्या शाळेत शिकली होती आणि आत्याकडे वापरून तिने ती थोडी मऊ केली होती. “आणि ते बरोबर आहेत ना? मुलगी आहे मी त्यांची.”

सुप्रभाची सरी संपली होती. ती वळसा घालून वरदाच्या सरीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडून खणू लागली. कमरेत न वाकता, गुडघ्यांत वाकून, एका लयीत. हॉस्पिटलातही ती अशीच वागे. आपल्या वाट्याचे रुग्ण झाले की न विचारता दुसरीच्या शेवटच्या खाटेपासून सुरुवात करी. सहकारी नर्सना आधी ते विचित्र वाटले. मग तिच्याबरोबर ड्यूटी मिळावी म्हणून त्या आपसांत अदलाबदली करू लागल्या.

दोघी समोरासमोर आल्या. मध्ये एक झाड राहिले. सुप्रभा थांबली.

“हे राहिलं,” वरदा म्हणाली.

“ते तुझं.”

“तू इतकं खणलंस, एक काय?”

“आईची रीत.” सुप्रभा पालथ्या बादलीवर बसली. “तोडणीला आपली सरी संपली म्हणून घरी जायचं नाही. मागे पडलेल्याच्या सरीत पलीकडून शिरायचं. पण शेवटचा ऊस त्याचा. तो त्यानंच तोडायचा. संध्याकाळी मुकादम आला की सगळ्यांच्या सऱ्या ज्याच्या त्यानं संपवलेल्या असायच्या. मान खाली घालून कोणी घरी जायचं नाही.”

वरदाने ते झाड उपटले. पाच बटाटे निघाले.

“माझं कॉलेजचं पत्र आलं त्याच महिन्यात दादालाही पत्र आलं होतं,” सुप्रभा म्हणाली. “शिक्षकांच्या ट्रेनिंगचं. आईला दिसेनासं झालं होतं. दोघांपैकी एकानं राहायला हवं होतं. दादा म्हणाला, मला पुस्तकांचा कंटाळा आहे, तू जा. वरदा, मळ्यावर पेपर वाचणारा तो एकटाच होता.”

“पपांनी हे कधीच नाही सांगितला.”

या वेळी सुप्रभाने दुरुस्ती केली नाही. “तो कसा सांगेल,” ती म्हणाली. “तो ईमेल पुसून टाक.”

दुपारी तिने शशिधरला व्हिडिओ कॉल लावला. त्याचे तोंड डावीकडे ओढले गेले होते, पण दाढी केलेली होती.

“मी कुणाला बोलावलेलं नाही,” तो सावकाश, शब्द जुळवत म्हणाला.

“तुझ्यासाठी कोण येतंय? इथल्या थंडीनं माझे गुडघे धरलेत.”

“गेल्या महिन्यात कड्यावर चढल्याचा फोटो धाडलास.”

“त्यानंच धरलेत, दादा.”

तो हसला. हसण्याचा अर्धाच भाग चेहऱ्यावर आला. “किती दिवस?”

“पोरीचा कोर्स तीन वर्षांचा आहे.”

शशिधरने मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिले. मग म्हणाला, “तुझ्या खोलीला रंग द्यावा लागेल.”

“देऊ. आले की मी बघते.”

“रंग मी निवडणार. माणूस मी बोलावणार.”

“तू बोलाव,” सुप्रभा म्हणाली.

शनिवारी मालविका आली. ती भूलतज्ज्ञ, मूळची पुण्याची. एकाच हॉस्पिटलात दोघींची वीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतर वेल्सचा सगळा किनारा पायी चालायचा, असे दोघींनी ठरवले होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या नकाशात लाल रेघ सेंट डेव्हिड्सपर्यंत पोहोचली होती. निम्म्याहून अधिक किनारा पुढे होता.

“तुला वेड लागलंय,” मालविका म्हणाली. “आयुष्यभर दुसऱ्यांची बेडपॅन उचललीस. आता जरा स्वतःचं सुरू झालं होतं. तिकडे केअरर मिळतात, सुप्रभा.”

“मिळतात.”

“मग?”

सुप्रभा नकाशापुढे उभी होती. लाल रेघेच्या टोकावर तिने बोट ठेवले आणि जरा जास्तच वेळ ठेवले. “मला जायचं नाहीये, मालविका,” ती हळूच म्हणाली. “ते खोटं सांगायचं नाही मला. पण सेहेचाळीस वर्षं तो माझ्या सरीत आहे.”

मालविकाला सरीचे काही कळले नसावे. सुप्रभाचा आवाज मात्र कळला. तिने चहाचा कप उचलला. “तीन वर्षांनी मी सत्तरची होईन.”

“काठी आण.”

“तुझ्या डोक्यात घालायला आणते.”

सुप्रभाची निघण्याची सकाळ आणि वरदाचा कॉलेजचा पहिला दिवस एकच आला. विमानतळावर यायचे नाही, असे सुप्रभाने बजावले होते. पहाटेच्या बसने ती हीथ्रोला गेली. दाराशी तिने वरदाची कॉलर सरळ केली आणि फ्रीजमध्ये आमटी आहे, एवढेच सांगितले.

वरदा संध्याकाळी परतली. घर नीट आवरलेले होते. नकाशा भिंतीवर होता. लाल पेन त्याच्याखाली दोरीला लटकत होते. पलंगावर युनिफॉर्मच्या तीन पँट घडी घालून ठेवल्या होत्या. कॉलेजातून मिळाल्या तेव्हा त्या वरदाला वीतभर लांब होत होत्या. कोणीतरी बसून सहापैकी पाच पाय हातशिलाईने दुमडून दिले होते, बारीक, एकसारख्या टाक्यांनी.

सहावा पायही दुमडलेला होता. फक्त शेवटची चार बोटे शिलाई राहिली होती. तिथे सुई दोऱ्यासकट कापडात टोचून ठेवली होती.

वरदाने कोट काढला. ती खिडकीजवळ, उजेडाकडे पाठ करून बसली आणि सुई हातात घेतली. पहिला टाका वाकडा पडला. तिने तो उसवला आणि पुन्हा घातला.