माझ्या पोटातली साळुंकी

गाझियाबादच्या गच्चीवर ऊन खात पडलेला जुना कूलर म्हणजे मी, मित्रांनो. पाठीला गंज चढलाय. पण माझं ऐन वय गेलं दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात, सूर्यकांतरावांच्या सरकारी क्वार्टरच्या खिडकीत.

उन्हाळाभर मी वाळ्याचा गार वारा द्यायचो. शेजारच्या सरलाकाकूसुद्धा भाजी निवडायला माझ्यासमोर येऊन बसायच्या. थंडीत मात्र मला कोण विचारतं! अशाच एका फाल्गुनात माझ्या वाळ्याच्या फाटक्या ताटीतून साळुंकी आत शिरली, मोटारीच्या आडोशाला तिनं घरटं बांधलं. माझ्या पत्र्याला ऊब म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

खिडकीशी सूर्यकांतरावांची हेमलता परीक्षेचा अभ्यास करायची. डोळे पुस्तकात, कान साळुंकीकडे. हळूहळू तिला उमगलं. चोचीत किडा असला की साळुंकी हळू, गोड बोलते आणि पिल्लं चिवचिवतात. भिंतीवर बोका आला की ती खरखरीत ओरडते आणि पिल्लं एकदम चिडीचूप.

एप्रिलातल्या एका रविवारी सूर्यकांतराव नव्या ताट्या, काठी आणि पाण्याची बादली घेऊन आले. जुनी ताटी उचकटताच साळुंकी तारेवरून कर्कश ओरडू लागली. त्यांनी माझा पत्रा वाजवला, कान लावला.

"रिकामं आहे. नुसता कचरा."

काठी आत शिरली. वीज नसताना मला साधं थरथरताही येईना.

"बाबा, थांबा! पिल्लं आहेत आत. तिनंच त्यांना गप्प बसवलंय. बोका दिसला की अशीच ओरडते ती."

"अच्छा! म्हणजे मी बोका?"

"मग दुधावरची साय रोज कोण खातं?" स्वयंपाकघरातून हेमलताची आई सुमित्राबाई म्हणाल्या.

"पाच मिनिटं घरात या ना, बाबा. प्लीज."

ते पडद्याआड जाऊन उभे राहिले. साळुंकी थांबली. मान इकडे केली, तिकडे केली. मग गवतातून किडा टिपून आणला आणि माझ्या दाराशी हळूच बोलली. माझ्या पोटात चार चोची उघडल्या. काय तो गलका!

सूर्यकांतरावांनी काठी कोपऱ्यात ठेवली. "चलो, यंदा हातपंखे शोधा," म्हणाले. तीन आठवडे घर घामाघूम झालं, पण माझं बटण कोणी दाबलं नाही.

मित्रांनो, वारा दिला म्हणून मला पुष्कळ शाबासकी मिळाली. आठवतात ते मात्र न चालता काढलेले तीन आठवडे. आता माझा पंखा फिरत नाही. तरी हेमलतानं मला तिच्या या घरी आणलंय, आणि फाल्गुन लागला की भंगारवाल्याला ती दारातूनच परत पाठवते. तुम्हीही कूलर सुरू करण्याआधी जरा लांब उभे राहून ऐका. आत काहीच वाजलं नाही, तर अजून पाच मिनिटं थांबा.