आजची काडतुसं
सिरिल, माझा नवरा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर काडतुसं भरायला बसला की माझा जीव टांगणीला लागतो. त्याच्या आजोबांची दुनळी बंदूक आहे त्याच्याकडे. बाजारची तिखट काडतुसं तिच्या जुन्या नळ्यांना सोसत नाहीत, म्हणून हा घरीच सौम्य भरतो. आधी दारू, वर जाड लोकरी नमद्याची चकती, मग छर्रे, आणि तोंड दुमडायचं. काम एवढंसंच. पण चुकून एकात दोनदा दारू पडली, तर नळी फुटते आणि तिच्याखाली धरलेला हात जातो.

गेल्या वर्षापासून सिरिल विसरतो. माझ्या चहात दोनदा साखर घालतो, ती मी मुकाट पिते. काडतुसाचं तसं चालत नाही. भरलेलं काडतूस तोलूनही नक्की कळत नाही, छऱ्यांच्याच वजनात तेवढा फरक पडतो. म्हणून सबंध हिवाळा तो दुपारी आडवा झाला की मी त्याच्या काडतुसांची तोंडं उघडायची, दारू मोजून नव्याने भरायची आणि गुपचूप डब्यात ठेवायची. मनगटं दुखून आली. वैताग आला होता अगदी. त्याला तोंडावर सांगायचं धाडस मात्र होत नव्हतं. ही बंदूक सोडली तर त्याच्याकडे दुसरं काय उरलंय?

आज सकाळी त्याने काडतुसं भरली, तेवढ्यात शेजारच्या थर्टलची हाक आली, वाटाण्यात कबुतरं उतरलीत म्हणून. सिरिल काडतुसं खिशात कोंबून निघालासुद्धा. मी चपला बदलून मागे धावले.

"अरे, जेवून जा की!"

"कबुतरं थांबणार आहेत का माझ्या जेवणासाठी?"

शेताच्या कडेला त्याने दोन काडतुसं घातली, बंदूक मिटली. मी नेहमीसारखी त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिले.

तेवढ्यात तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ईनिड, तू त्या ओकच्या बुंध्यामागे जा."

"का रे? कधी नाही ते आजच?"

"जा म्हणतो ना."

"मी नाही जायची."

त्याने बंदूक खाली केली.

"ऐक गं," तो म्हणाला. "आजची माझ्या हातची आहेत."

मला रडूच आलं. म्हणजे सबंध हिवाळा याला ठाऊक होतं, आणि माझ्या भरवशावर हा खुशाल चाप ओढत होता. आज स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता, तर एकट्यानेच मरायला निघाला होता.

मी हात पुढे केला. "दे इकडे."

"थर्टल हसेल."

"हसू दे मेल्याला."

त्याने बंदूक उघडली, दोन्ही काडतुसं काढून माझ्या तळहातावर ठेवली, मग खिशातली उरलेलीही. कबुतरं निवांत वाटाणे टिपत होती.

"उद्यापासून तूच भर," तो म्हणाला. "मी नुसता शेजारी बसेन. चालेल ना?"