सोनेरी झालरीची उमराव बाई

कोतवालीचा अंमलदार तुर्नवाल आमच्या छापील चित्रांच्या दुकानात शिरला. त्याच्या हातात आमचंच चित्र होतं. सोनेरी झालरीचा झगा घातलेली बाई आणि खाली अक्षरं, ‘उमराव घराण्यातील स्त्री’. सेन्ट-जाक रस्त्यावर त्याच्या प्रती हातोहात खपत होत्या.

“हा झगा काउंटेसबाईंनी अजून अंगाला लावला नाही,” तो म्हणाला. “आणि इथे कुणीतरी घालून मिरवतंय. कोण ही?”

काउंटेसबाईंच्या शिंप्याने तो झगा एका दुपारपुरता आमच्याकडे ठेवला होता. माझ्या नवऱ्याने, रेमीने, तो आमच्या पोरीच्या, ओदीलच्या अंगावर चढवला आणि चित्र काढलं. सोन्याची झालर उमरावांखेरीज कुणी ल्यायची नाही, हा राजाचा हुकूम. कारागिराची पोर सापडली की सरळ कोठडी. शंभरदा बजावलं होतं रेमीला, लाकडी पुतळ्याला घाल म्हणून. पण पुतळ्यावर कापड जिवंत दिसत नाही म्हणे! आता भोगा.

“लाकडी पुतळा होता, साहेब,” रेमी घाम पुसत म्हणाला.

“पुतळ्याच्या गालावर तीळ?” तुर्नवालने मान वळवली. ओदील कोपऱ्यात तांब्याच्या पत्र्यावरची शाई पुसत होती. “ए पोरी, इकडे बघ.”

ओदीलचा तीळ उजव्या गालावर, चित्रातला डाव्या. तांब्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, आणि तीळ उलटा कोरायचं भान रेमीला राहिलं नव्हतं. एरवी असल्या चुकीसाठी मी त्याला फाडून खाल्लं असतं. त्या घडीला त्याचे पाय धरावेसे वाटले.

तुर्नवाल एकदा चित्राकडे, एकदा चेहऱ्याकडे बघत होता. उलट्या छपाईची गोष्ट त्याला सुचायच्या आत मी तोंड उघडलं.

“गरिबाची थट्टा करता काय, साहेब? ही नि उमराव बाई! हात बघा तिचे, कोळशाच्या वखारीतले. चालते, तर बदक बरं. असल्या ध्यानावर रेशीम चढवलं तर रेशीमच रडेल!”

तो खो खो हसला. “आई असावी तर अशी!” चित्राची घडी खिशात घालून तो दाराकडे वळला. माझा जीव भांड्यात पडला.

“मीच घातला होता तो झगा,” ओदील म्हणाली.

“गप गं, भवाने! साहेब, हिचं डोकं जरा...”

“बदक ना, आई? मग बघच.”

तिने फडकं खाली टाकलं. शाईने बरबटलेल्या एप्रनमध्ये ती सावकाश पुढे आली, मान ताठ, खांदे सैल. वळताना तिने पाय किंचित मागे फिरवून अंगावर नसलेल्या झग्याचा घोळ बाजूला सारला. जड झगे फरफटवत हिंडणाऱ्या बायकाच तशा वळतात. मी डोळे फाडून बघत राहिले. देखणी दिसत होती कार्टी.

तुर्नवालसमोर थांबून तिने मान जराशी झुकवली, मोठ्यांनी हलक्यांसाठी झुकवावी तेवढीच. त्याचा हात आपसूक डोक्याकडे गेला. त्याने टोपी काढली आणि कमरेत वाकून मुजरा केला.

वाकल्यावर त्याला तिची काळी बोटं दिसली.

तो कानांपर्यंत लाल झाला. आमच्यापैकी कुणी हसलं नाही, पण आम्ही बघितलं होतं. त्याने टोपी दाबून बसवली आणि बाहेरच्या शिपायांना हाक मारली.

“बांधा हिला.”